रविवार कुणाचा? निधर्मी देशांतला ख्रिस्ती धर्म

नेकारकाठ
स्टुटगार्टला येऊन बरीच वर्षं झाली, तरी एका गोष्टीचा उलगडा होत नाही, म्हणून हा धागा.

आमच्या टीममध्ये चर्चला जाणारं माणूस शोधून सापडणार नाही. शेजारच्या टेबलावरचा मित्र तर रीतसर चर्चमधून बाहेर पडलाय. त्यासाठी इथे पालिकेच्या नोंदणी कार्यालयात जाऊन सही करायची, वर थोडीफार फीही भरायची. २०२२ साली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन मोठ्या चर्चचे सदस्य मिळूनसुद्धा देशाच्या लोकसंख्येच्या निम्म्याखाली आले. त्याच एका वर्षात पाच लाखांवर लोकांनी कॅथलिक चर्चला रामराम ठोकला.

आता दुसरी बाजू बघा. रविवारी दुकानं बंद. गुड फ्रायडेला सार्वजनिक ठिकाणी नाचायला कायद्याने बंदी. चर्चचा कर सरकारी आयकर खातं पगारातून परस्पर कापणार. आणि ज्यावरून हा किडा डोक्यात शिरला ती गोष्ट: मुलीला पालिकेच्या किटात (इथली बालवाडी) जागा मिळाली नाही. मिळाली ती प्रोटेस्टंट चर्चच्या किटात, आणि त्या किटाचा बहुतेक खर्च चालतो सरकारी तिजोरीतून!

माझं मत असं की इथली श्रद्धा आटली आणि व्यवस्था तेवढी उरली. ख्रिस्ती धर्म शोधायचा तर लोकांच्या मनात कशाला, पगारपत्रक आणि कॅलेंडर उघडा. मग याला निधर्मी देश म्हणायचं का? तुम्ही राहता तिथे काय आहे ते लिहा. भारतातलं राजकारण कृपया नको, त्याला दुसरे धागे आहेत.

चिंगी
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

तिरकस
नाचबंदी आहे हे कसं कळलं? गुड फ्रायडेलाच नाचायची हुक्की आली होती का?

नेकारकाठ
@तिरकस, ऑफिसातल्या एकाचा वाढदिवस नेमका त्या दिवशी आला होता. हॉल मिळाला, पण गाणी लावायची नाहीत अशी अट. शेवटी बटाट्याचं सॅलड खाऊन घरी आलो.

अभ्यासू_बोका
प्रश्न चांगला आहे, पण गृहीतकातच गडबड आहे. जर्मनीने फ्रान्ससारखं 'धर्म आणि सरकार पूर्ण वेगळे' असं कधी म्हटलेलंच नाही. १९४९च्या राज्यघटनेची उद्देशिकाच देव आणि माणसं यांच्यापुढच्या जबाबदारीच्या जाणिवेने सुरू होते. पुढे कलम १४०ने १९१९च्या वायमार घटनेतली धर्मविषयक कलमं जशीच्या तशी उचलली. त्यांत एकीकडे 'सरकारचं असं चर्च असणार नाही' म्हटलंय आणि दुसरीकडे धार्मिक संस्थांना सार्वजनिक महामंडळासारखा दर्जा आणि कर लावायचा हक्क दिलाय. रविवारची सुटीही तिथेच आहे, 'विश्रांती आणि आत्मिक उन्नतीचा दिवस' म्हणून.

कर आयकरावर लागतो, उत्पन्नावर नाही. बायर्न (बव्हेरिया) आणि तुझ्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. म्हणजे तुझा आयकर १०,००० युरो असेल तर चर्चचे ८००. सरकार ही वसुली फुकट करत नाही, त्यातून आपला खर्च कापून घेतं.

आणि हा दर्जा फक्त या दोन मोठ्या चर्चचा नाही. ज्यू समाजाच्या संस्थांना आहे, यहोवाच्या साक्षीदारांना आहे, हेसन राज्यात २०१३ मध्ये अहमदिया मुस्लिम जमातीलाही मिळाला. मूळ घडी चर्चच्या मापाने बेतलेली आहे, हे मात्र खरं. मुख्य धर्मगुरू कोण, सदस्यांची यादी कुठे, असं सगळं ज्यांच्याकडे तयार असतं त्यांनाच ती नीट बसते.

वसईची_मावशी
मी या व्यवस्थेच्या आतली आहे म्हणून लिहिते. कलोनला नर्स आहे. इथे आल्यावर नाव नोंदवायच्या अर्जात धर्माचा रकाना होता. आपण काय, अभिमानाने 'रोमन कॅथलिक' लिहिलं. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर एक ओळ जास्तीची दिसली. सोबतच्या केरळच्या मुलीला विचारलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, तुला कुणी सांगितलं नव्हतं?

वसईला आम्ही चर्चला देतो ते हाताने देतो. इथे देतेय हे मला आणि संगणकाला ठाऊक. सोडून का देत नाही? कारण २०१२ मध्ये इथल्या बिशपांनी फर्मान काढलं, की जो सरकारदरबारी चर्च सोडेल त्याला कम्युनियनसकट कुठलाच संस्कार मिळणार नाही. माझ्या आईला हे फोनवर सांगितलं तर तिला वाटलं मी थट्टा करतेय.

आता नेकारकाठ यांच्या 'श्रद्धा आटली'बद्दल. आमच्या रविवारच्या मिस्साला (चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेला) येऊन बघा. पुढच्या बाकांवर मोजक्या जर्मन आज्या. मागे मल्याळी नर्सेस, पोलिश कुटुंबं, नायजेरियाची माणसं, फिलिपिनो बायका. वेदीवरचा फादरही कोट्टायमचा. श्रद्धा आटली ती तुमच्या ऑफिसातली, या शहरातली नव्हे. आणि ख्रिस्ती म्हणजे युरोप असं धरून सगळे लिहिताय, तेवढं जरा सांभाळा. आमची घराणी सोळाव्या शतकातली ख्रिस्ती. घरात कादोडी बोली, चर्चमध्ये मराठी. तेव्हा जर्मनी नावाचा देशसुद्धा नव्हता.

तिरकस
शिर्डीचा व्हीआयपी पास निदान ऐच्छिक तरी आहे.

चिंगी
@वसईची_मावशी, शेवटच्या परिच्छेदाला दंडवत.

म्युनिकची_माई
रविवारबद्दल बोला. आमच्याकडे बायर्नमध्ये तर इतर दिवशीही रात्री आठला शटर खाली. रविवारी दूध संपलं की स्टेशन गाठायचं, कारण प्रवाशांसाठी म्हणून तिथली दुकानं उघडी असतात. तिथे रांगेत अर्धं मराठी मंडळ भेटतं. कुणाच्याच हातात बॅग नाही, सगळ्यांच्या हातात दूध आणि कोथिंबीर. प्रवासी म्हणे!

नेकारकाठ
@माई, रविवारवरून आठवलं. भिंतीला फळी लावायची होती म्हणून एकदा रविवारी सकाळी ड्रिल काढलं. दुसरं भोक पडायच्या आत खालच्या मजल्यावरच्या बाई दारात. मी आपलं विचारलं, चर्चला जायचं होतं का? त्यावर म्हणाल्या, 'छे, मी पंचवीस वर्षांपूर्वीच बाहेर पडले. पण आज रविवार आहे!' हेच मला कळत नाही. देव नको, देवाचा वार मात्र हवा.

लोअर_परळ
त्यात न कळण्यासारखं काय आहे? सुटी सगळ्यांनाच हवी असते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळे. गोऱ्या साहेबाचा चर्चचा वार होता हे खरंच, पण लोखंडे सत्यशोधक. त्यांच्या मागणीत रविवार हा खंडोबाचा वार हाही मुद्दा होता. आज दादरला रविवारी पडी टाकणाऱ्याला येशू आठवत नाही, खंडोबाही नाही. लोखंडेही आठवत नाहीत, ही आमची खंत.

अभ्यासू_बोका
@लोअर_परळ, उत्तम मुद्दा. आणि गंमत म्हणजे रविवारची पहिली सरकारी सुटीही काही निव्वळ ख्रिस्ती नव्हती. इ.स. ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने आदेश काढला त्यात 'सूर्याचा पूज्य दिवस' असं म्हटलंय, ख्रिस्ताचं नाव नाही. शेतकऱ्यांना सूटही दिली होती, पेरणीची वेळ टळू नये म्हणून.

आता अलीकडचं. बर्लिनने नाताळाआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडायला परवानगी दिली, तर दोन्ही चर्च घटना न्यायालयात गेली आणि २००९ मध्ये जिंकली. यात चर्चच्या बाजूने कोण उभं असतं? कामगार संघटना! रविवार वाचवायला दोघांनी मिळून आघाडीच काढलीय. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई कुठल्या बाजूच्या हे ठरवायची गरज नाही.

डब्लिनकर
तुमचं दूध-कोथिंबिरीचं चाललंय ते ठीक. आमच्याकडे आयर्लंडमध्ये ही 'उरलेली व्यवस्था' माणसाच्या जिवावर बेतलेली आहे.

सविता हालप्पनवार हे नाव इथल्या बहुतेकांना आठवत असेल. बेळगावची मुलगी, दंतवैद्य, वय ३१. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सतराव्या आठवड्यात गर्भपात होऊ लागला. मूल वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं, तिने गर्भ काढून टाकायची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला. जंतुसंसर्गाने ती गेली. 'हा कॅथलिक देश आहे' असं तिथल्या एका परिचारिकेने तिला सांगितल्याचं चौकशीत निघालं. गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणाऱ्या, १९८३ साली घटनेत घातलेल्या आठव्या दुरुस्तीची ही छाया. ती दुरुस्ती २५ मे २०१८च्या सार्वमतात ६६ टक्क्यांनी उडवली. डब्लिनमध्ये भिंतीवर तिचं चित्र होतं, त्यावर लोक मतदानानंतर चिठ्ठ्या चिकटवत होते. बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता, 'सॉरी'.

हाच देश १९९५ मध्ये घटस्फोटाच्या बाजूने जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या फरकाने झुकला होता आणि २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला सार्वमताने हो म्हणाला. वीस वर्षांत एवढा बदल. तरी अजून दहापैकी जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या अखत्यारीत आहेत, पगार सरकारचा. २०१८ पर्यंत गर्दी असलेल्या शाळेत बाप्तिस्मा झालेल्या मुलाला आधी प्रवेश देता यायचा. आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाला गल्लीतली शाळा सोडून बस पकडावी लागली. आणि सरकारी टीव्हीवर संध्याकाळी सहाला आजही अँजलसच्या (कॅथलिक प्रार्थनेच्या) घंटा वाजतात. म्हणून बातम्या सहा वाजून एक मिनिटाने.

म्युनिकची_माई
सविताबद्दल वाचून पुन्हा अंगावर काटा आला. तेव्हा मी स्वतः गरोदर होते.

इहवादी
डब्लिनकर यांना शंभर टक्के अनुमोदन. आता कुणीतरी येऊन सांगेल की समता, मानवी हक्क, रुग्णालयं, सगळं ख्रिस्ती धर्माचीच देणगी आहे.

अभ्यासू_बोका
आलोच! देणगी नाही म्हणणार, पण ऋण आहे. रोमन समाजात नको असलेलं तान्हं मूल उकिरड्यावर टाकणं चालून जायचं. त्याला पाप ठरवलं ते ज्यू आणि ख्रिस्त्यांनी. दुबळा माणूस हाच महत्त्वाचा, ही कल्पना इतकी अंगवळणी पडलीय की नास्तिकालाही ती आपलीच वाटते. पुढे जर्मन घटना न्यायालयाचे न्यायाधीश झालेले ब्योकेनफर्डे यांनी साठच्या दशकात मांडलेला विचार इथे अजून उगाळला जातो: निधर्मी उदारमतवादी राज्य ज्या पायावर उभं असतं, त्या पायाची हमी ते स्वतः देऊ शकत नाही.

इहवादी
आणि हे सगळं मिळालं ते चर्चशी भांडून, ते कुठे गेलं? १८६४ मध्ये पोप नववे पायस यांनी चुकीच्या मतांची जंत्री काढली, त्यात धर्मस्वातंत्र्य होतं, चर्च आणि सरकार वेगळे करणंही होतं. कॅथलिक चर्चने धर्मस्वातंत्र्य अधिकृतपणे मान्य केलं १९६५ मध्ये. फ्रेंच राज्यक्रांती १७८९ची. पावणेदोनशे वर्षं उशिरा पोचलेल्या पाहुण्याने यजमान म्हणून मिरवू नये.

वसईची_मावशी
दोघांचंही खरं आहे. गुलामांचा व्यापार करणारेही बायबल वाचत होते आणि तो बंद करायला लढलेले विल्बरफोर्सही. बायबल एकच होतं, वाचणारे निराळे. पुढे चला.

लाइप्झिगची_लेक
पूर्व जर्मनीतून थोडं. इथे चारातले तीन जण कुठल्याही चर्चचे नाहीत. साम्यवादी राजवटीने १९५४-५५ पासून चर्चमधल्या दीक्षाविधीला तोड म्हणून चौदाव्या वर्षीचा 'युगेंडवाइहे' सोहळा रेटला. राजवट जाऊन कित्येक वर्षं झाली, सोहळा चालूच आहे. माझ्या मुलीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा झाला. नवे कपडे, भाषण, फुलं, आजी-आजोबांकडून पैशांचं पाकीट. देव कुठेच नाही, विधी मात्र सगळा चर्चचा उचललेला. तेव्हा नेकारकाठ, तुमच्या 'व्यवस्था उरली'त एक भर: व्यवस्था मोडली तरी साचा उरतो.

आणि इहवादींसाठी. १९८९ मध्ये इथल्या निकोलाई चर्चमध्ये सोमवारच्या प्रार्थना व्हायच्या. पोलिसांना हात घालता येणार नाही अशी तेवढी एकच जागा उरली होती, म्हणून देव न मानणारेही तिथेच जमायचे. ९ ऑक्टोबरला प्रार्थनेनंतर सत्तर हजार लोक रस्त्यावर उतरले आणि गोळी चालली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली. आमचे घरमालक त्या दिवशी तिथे होते. ते आजही नास्तिक आहेत आणि आजही त्या चर्चच्या छपरासाठी वर्गणी देतात.

सडेतोड
हे सगळं ठीक आहे, पण आपल्याकडच्या तथाकथित निधर्मी लोकांना हे कोण सांगणार? तिकडे चालतं आणि इकडे

संपादक मंडळ
वरील प्रतिसादाचा पुढचा भाग आणि त्यावरचे प्रतिसाद काढले आहेत. धागाकर्त्याने पहिल्याच पोस्टमध्ये विनंती केली आहे.

तिरकस
मी टाकलेली काडी पण गेली. चांगली होती हो.

स्ट्रासबुर्गचा_पाव्हणा
फ्रान्स कडक निधर्मी, हे पॅरिसमध्ये. १९०५चा चर्च-सरकार विभक्तीचा कायदा आमच्या अल्सास प्रांताला लागूच नाही, कारण तेव्हा अल्सास जर्मनीत होतं. इथे नेपोलियनचा १८०१चा करार अजून चालतो. कॅथलिक पाद्री, प्रोटेस्टंट पास्टर आणि ज्यू रब्बी यांना पगार फ्रेंच सरकारचा. मशिदीच्या इमामाला नाही, कारण नेपोलियनच्या यादीत तो नव्हता. गुड फ्रायडेची जादा सुटीही इथेच, तीसुद्धा कायद्याने ज्या गावात प्रोटेस्टंट प्रार्थनाघर आहे त्याच गावात! आमच्या कचेरीत याच्याविरुद्ध तावातावाने बोलणारे एक कट्टर निधर्मी गृहस्थ आहेत. त्या शुक्रवारी ते कामावर दिसत नाहीत.

न्यूजर्सीचा_नंदू
अमेरिकेत उलटं. घटनेतच सरकारी धर्माला बंदी, चर्चचा कर वगैरे काही नाही. पण शाळेतल्या शपथेत 'देवाच्या छत्राखाली' हे शब्द घातले १९५४ मध्ये, आणि नाण्यांवरचं 'देवावर आमचा विश्वास' हे वचन राष्ट्रीय ब्रीद झालं १९५६ मध्ये. दोन्ही शीतयुद्धातली कामं, रशिया नास्तिक म्हणून. दुकानं मात्र बहुतेक ठिकाणी रविवारीही उघडी.

गोंयकार
गोव्याची गंमत ऐका. पोर्तुगालमध्ये १९१० साली पाद्र्यांवर दात असलेलं प्रजासत्ताक आलं, त्याने घटस्फोटाचा कायदा केला आणि तो गोव्यालाही लागू झाला. मग हुकूमशहा सालाझार आला. त्याने १९४० मध्ये व्हॅटिकनशी करार करून चर्चमध्ये लग्न केलेल्यांचा तो हक्क काढून घेतला. म्हणजे गोव्यातल्या हिंदूला घटस्फोट मिळायचा आणि चर्चमध्ये लग्न केलेल्या कॅथलिकाला नाही. पोर्तुगीज साहेब गेला, १८६७ची दिवाणी संहिता अजून आहे. एकसमान कायदा म्हणून सगळे तिचं कौतुक करतात, आत उघडून कोण वाचतो?

म्युनिकची_माई
क्रूसाचं कुणी काढलं नाही अजून? १९९५ मध्ये घटना न्यायालयाने सांगितलं, सरकारी शाळेच्या वर्गात क्रूस सक्तीने लावता येणार नाही. बायर्नने नवा कायदा केला: क्रूस राहील, कुणा पालकाने गंभीर हरकत घेतली तर बघू. मग २०१८ मध्ये मुख्यमंत्री झ्योडर यांनी प्रत्येक सरकारी इमारतीच्या दाराशी क्रूस लावायचा हुकूम काढला. कारण दिलं, हा धर्म नाही, ही बायर्नची संस्कृती. यावर सगळ्यात जोरात कोण चिडलं असेल? म्युनिकचे कार्डिनल मार्क्स! क्रूसाला नुसतं सांस्कृतिक चिन्ह समजलात तर तुम्हाला क्रूस कळलाच नाही, असं त्यांचं म्हणणं. परदेशी नागरिकांच्या कचेरीत व्हिसाला जाते तेव्हा तो दिसतो. खाली टोकन घ्यायचं यंत्र, वर येशू.

वसईची_मावशी
@माई, यात मी कार्डिनलच्या बाजूने. ज्यांना मिस्साची वेळ माहीत नाही त्यांनी माझा क्रूस दारावर टांगून निवडणुका लढवू नयेत.

आणि नेकारकाठ, व्यवस्थेतलं सगळ्यात मोठं राहिलंच. कारितास आणि डियाकोनी या दोन चर्चच्या संस्थांत मिळून बारा लाखांवर माणसं नोकरीला आहेत. रुग्णालयं, वृद्धाश्रम, किटा. आमच्या वॉर्डातल्या एका सहकारणीने घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं, ते कित्येक वर्षं कामावर लपवून ठेवलं होतं. कारण कॅथलिक संस्थेत त्यावरून नोकरी जाऊ शकायची. ड्युसेलडॉर्फच्या एका मुख्य डॉक्टरांची तशी गेली, ते युरोपीय न्यायालयापर्यंत लढले आणि २०१८ मध्ये कौल त्यांच्या बाजूने लागला. बिशपांनी नियम बदलले २०२२च्या शेवटी. त्यानंतर सहकारणीने वॉर्डात केक आणला. कसला ते सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

चिंगी
मूळ मुद्दा. किटातली जागा घेतली की नाही?

नेकारकाठ
घेतली. न घेऊन सांगतो कुणाला, पुढची जागा मिळेपर्यंत मुलगी शाळेत गेली असती. करारात एक कलम आहे, जेवणाआधी प्रार्थना होते हे पालकांना मान्य आहे असं. गटातली बरीच मुलं तुर्की घरातली आहेत, तीही हात जोडतात. माझा आक्षेप प्रार्थनेला नाहीच. पैसा सगळ्यांचा, चालक चर्च, आणि पालिकेला यात काही वावगं दिसत नाही, हा आहे. पालिकेच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, चर्चने उद्या हात काढला तर एवढ्या मुलांना मी कुठे बसवू?

अभ्यासू_बोका
बाईंचं उत्तर प्रामाणिक आहे. पण तुला पैशांवरूनच चिडायचं असेल तर मोठी रक्कम पुढे आहे. १८०३ मध्ये जर्मन राजांनी चर्चच्या जमिनी आणि मठ खालसा केले. त्याची भरपाई म्हणून बहुतेक सगळी राज्यं आजही दोन्ही चर्चना मिळून वर्षाला पन्नास कोटी युरोंहून जास्त देतात. हे चर्चच्या करापासून वेगळं, आणि सगळ्यांच्या करातून, तुझ्याही. १९१९च्या घटनेने हे देणं संपवा म्हणून सांगितलंय. अजून संपलेलं नाही, कारण एकरकमी देऊन हिशेब मिटवायला राज्यांची तयारी नाही.

हसण्याआधी आपली घटना उघडा. कलम २९० क: केरळ सरकारने त्रावणकोर देवस्वम निधीला दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये द्यायचे, तमिळनाडूने तिकडच्या देवस्वम निधीला १३ लाख ५० हजार. संस्थानाने खालसा केलेल्या देवळांच्या जमिनींची भरपाई, तत्त्व अगदी तेच. फरक इतकाच की आपल्याकडे आकडा घटनेतच लिहून गोठवलाय, आणि जर्मनीत तो नोकरदारांच्या पगारवाढीबरोबर वाढत जातो.

लोअर_परळ
म्हणजे जर्मन पाद्र्यांना महागाई भत्ता आणि आपल्या देवाला जुनीच पेन्शन.

तिरकस
देवाची युनियन नाही ना. लोखंडे असते तर मिळवून दिला असता.